ओढीचं वजन

माझ्या नवऱ्याला माझ्या घरात राहता यावं, म्हणून मी पुढची दहा वर्षं किती कमावणार हे आधी ठरायला हवं होतं. ठरवणार होतं एक यंत्र, आणि यंत्राचं मत पडलं की माझी कमाई दोघांना पुरणार नाही.

“अहो, पण मी आत्ता कमावतेय ना!” मी म्हणाले. “पगाराच्या स्लिपा आणल्यात. बघा तरी.”

“स्लिपा आता कुणी बघत नाही, शर्वरीताई,” लोखंडे मॅडम म्हणाल्या.

लोखंडे मॅडम म्हणजे नाशिकच्या सहजीवन परवाना कार्यालयातल्या सल्लागार. परदेशी जोडीदाराला भारतात आणायचं असेल तर पहिली पायरी त्यांची. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. त्यांच्या खालच्या ओळीतला एक दात शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसला होता, म्हणून त्या ओठ दाबून हसायच्या. मी डेंटल लॅबमध्ये कृत्रिम दात बनवते, त्यामुळे माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या तोंडात जाते. स्वभाव मागाहून कळतो.

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मधून एक लाल रेषा आडवी गेली होती. तिला मिळकतरेषा म्हणतात. तिच्या बऱ्याच खालून एक निळी रेघ सरपटत चालली होती. ती मी.

“कामाचे गुण उत्तम आहेत तुमचे,” त्या म्हणाल्या. “हात चांगला, तब्येत चांगली, मालक खूश. घोडं अडलंय ते ओढीपाशी.”

“कसली ओढ?”

“माणसांची,” त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा मागवला की काम होत नाही, एवढा सरकारी कचेऱ्यांचा अनुभव मला होता.

बराका मसावे माझ्या आयुष्यात आला तो एका तुटलेल्या दातामुळे. मी तेव्हा पुण्यातल्या लॅबमध्ये होते. तो टांझानियातून जमीनमोजणीचं पुढचं शिक्षण घ्यायला आला होता आणि फुटबॉल खेळताना समोरचा अर्धा दात मैदानावर ठेवून आला होता. आम्ही कॅप बनवली, डॉक्टरांनी बसवली, आणि दोन दिवसांनी हा गडी पत्ता शोधत थेट आमच्या लॅबमध्ये हजर. “दात चांगला आहे,” तो नव्यानं शिकलेल्या मराठीत म्हणाला, “पण तो माझ्यापेक्षा श्रीमंत दिसतो.” खरंच होतं. त्याच्या बाकीच्या दातांवर कॉफीची जी किंचित पिवळट झाक होती, ती मी धरलीच नव्हती. मी त्याला खिडकीपाशी उजेडात बसवून नव्यानं रंग जुळवला. रंग जुळायला जरा जास्तच वेळ लागला, असं तिथले लोक अजून म्हणतात.

आम्ही नोंदणी करून लग्न केलं. आई तोवर गेली होती. माझे वडील, म्हणजे नाना, सटाण्याला माझ्या भावाकडे असत. जन्मभर गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाले, होते. जावई परदेशी म्हटल्यावर भाऊबंदांनी जिभा सैल सोडल्या, पण नानांनी बराकाला पहिल्या भेटीत एकच विचारलं, “तुमच्याकडे गाया कशा राहत्या?” बराकाचं गाव किलिमांजारोच्या उतारावर. तिथं गाय घराला लागून गोठ्यात बांधतात आणि केळीचे खुंट कापून घालतात. केळीचे खुंट हे ऐकताच नाना पाट ओढून बसले. तासभर दोघं खुरांच्या रोगांवर बोलत होते आणि मी मधे भाषांतर करून दमले. तो गेल्यावर नाना म्हणाले, “पोरगं बरं आहे. जनावराला हात लावायच्या आधी त्याच्याशी बोलतं.” आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नव्हतं.

मग बराकाची विद्यार्थी म्हणून असलेली परवानगी संपली आणि तो टांझानियातल्या मोशीला परत जाऊन तिथं शिकवायला लागला. मीही नाशिकला आले होते. वाटलं, दोनतीन महिन्यांचा प्रश्न आहे. नवा कायदा त्याच वर्षी आला.

पूर्वी प्रायोजकानं, म्हणजे बोलावणाऱ्यानं, गेल्या वर्षीचं उत्पन्न दाखवलं की भागायचं. मग लोक मित्राच्या कंपनीत कागदोपत्री नोकरी दाखवायचे, उसना पैसा खात्यातून फिरवायचे, आणि परवाना हातात पडला की नोकरीही गायब. सरकारला हवी होती पुढची खात्री. ती दिली मिळकतदर्शकानं. कोट्यवधी नोकरदारांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी, नावं पुसून, एका शिकणाऱ्या यंत्राला खाऊ घातल्या होत्या. कोण किती झोपतं, कुणाला फोन करतं, कधी रजा घेतं, आणि पुढे त्याची कमाई कुठवर जाते. नियम कुणी शिकवले नाहीत, यंत्रानं ते आपले आपण शोधले. शिक्षण, कौशल्य, तब्येत यांचा वाटा होताच. पण सगळ्यात पक्की खूण निघाली भलतीच. कुणाचा फोन आला की हा माणूस हातातलं काम टाकून उठतो?

असं प्रत्येक माणूस म्हणजे एक ओढ, आणि प्रत्येक ओढीला एक वजन. ओढ लावणारा म्हातारा झाला, आजारी पडला, की वजन वाढतं, कारण पुढे खाडे वाढणार, बढती हुकणार, एखाद दिवशी नोकरीच सुटणार. दवाखाने, फोन, बँका, नगरपालिकेच्या नोंदी, सगळं मिळकतदर्शकाला जोडलेलं असतं. प्रायोजकाच्या मनगटावर एक पट्टी बांधतात, ती त्याची झोप आणि नाडी कळवत राहते. या सगळ्यावरून निळी रेघ रोज नव्यानं आखली जाते. यंत्राला माया कळत नाही, पण मायेपायी कामाचं किती नुकसान होतं ते त्याला चांगलं कळतं. जुन्या नोंदींवर तपासून पाहिलं तेव्हा त्याचे अंदाज बहुतेक बरोबर निघाले होते. माझी खरी अडचण ती होती. चुकीच्या यंत्राशी भांडता तरी आलं असतं.

“म्हणजे मी वडलांना फोन करते म्हणून माझा नवरा येऊ शकत नाही?” चहा आल्यावर मी विचारलं.

“असं मी म्हणणार नाही,” लोखंडे मॅडम म्हणाल्या. “पण सकाळ-संध्याकाळ फोन. दर शनिवारी सटाणा. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लांब रजा. आणि आईच्या आजारपणात तर तुम्ही पुण्याची नोकरीच सोडलीत.”

“आई होती ती माझी.”

“पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडाल?”

“सोडीन.”

“मग यंत्राचं काय चुकलं, सांगा बरं?” त्या हळूच म्हणाल्या.

मी चहा प्यायले.

“यावर उपाय?”

“ओढ कमी करायची. आणि ताई, नाटक करू नका, पुष्कळांनी करून पाहिलंय. फोन न करता दिवसभर तळमळत बसलात तर पट्टीला कळतं. खरोखर कमी व्हायला हवी.”

शनिवारी मी सटाण्याला गेले. नाना अंगणात बोकडाचं वाढलेलं खूर तासत बसले होते. भाऊ पराग आणि त्याची बायको वैष्णवी ओट्यावर होते. वैष्णवीला सातवा महिना लागला होता. मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, नाना म्हणतील, असला कसला कायदा, सोडून दे. मनातून मला तेच हवं होतं.

“एवढंच ना?” नाना म्हणाले. खूर त्यांनी सोडलं नाही. “मग नको करू फोन. मी काय मरू राहिलो का?”

“नाना, कायमचं नाही. परवाना मिळेपर्यंत.”

“अगं, वासरू तोडायचं म्हणलं की ते दोन दिवस हंबरतंच. मग लागतं चाऱ्याला.”

“तेहतीस वर्षांचं वासरू आहे मी!”

“तेच तर म्हणू राहिलो. लई दिवस पाजलं.” नाना हसले. त्यांच्या वरच्या चार दातांचा काढता-घालता येणारा ब्रिज मीच बनवला होता. हसले की माझं काम दिसायचं.

पराग म्हणाला, “मीही तुला फोन करणार नाही. काही लागलं तर मी आहे ना इथं.”

“पण काही झालं तर लगेच कळवायचं,” मी म्हणाले.

परागनं नानांकडे पाहिलं. “हो,” तो म्हणाला.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. संध्याकाळी लॅबमधून निघताना हात आपोआप फोनकडे जायचा. शनिवारी मी कपडे धुवायची, पुन्हा धुवायची. रात्री झोप लागायची नाही आणि रेघ उलटी खालीच जायची. पण हळूहळू ती वर यायला लागली. मी जास्तीचं काम मागून घेतलं. मालकांनी मला मुख्य कारागीर केलं.

परागला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचं ते आत्यानं. पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, मागून सगळ्यांचे धपाटे खायचे, साडी घ्यायची. परागला बहीण मी एकटी. मी गेले नाही. एका चुलत बहिणीनं नाव ठेवलं. त्या दिवशी मी एका वकिलांच्या दाढा बनवत होते आणि माझ्या हातून तितकं सफाईचं काम पूर्वी झालं नव्हतं. संध्याकाळी रेघ पाहिली तर ती चांगली वर सरकली होती. बाळाचं नाव इरावती ठेवलं हे मला चार दिवसांनी बराकाकडून कळलं.

बराका नानांना दर आठवड्याला फोन करायचा. त्यांच्या गप्पा गायींच्याच. त्याला माझं वागणं पसंत नव्हतं, पण बोलून दाखवत नव्हता. एकदाच म्हणाला, “आमच्याकडे सून घरात येते तेव्हा घरातली माणसं वाढतात. मी येण्यासाठी तुझी माणसं कमी होतायत.”

“आलास की वाढतील,” मी म्हणाले.

आणि मग मला त्या सगळ्याची सवय झाली. हे सांगायला जड जातं, पण खरं आहे. शनिवार मोकळा मिळतो हे बरं वाटायला लागलं. नानांची आठवण यायची ती दिवसातून एखाद वेळा, तीही कुणाचा ब्रिज हातात आला तर. पट्टी खोटं सांगत नव्हती. ओढ खरोखर कमी झाली होती आणि मला त्याचं दुःखही धड होत नव्हतं.

लाल रेषा अगदी हाताशी आली असताना, ऐन थंडीत, एका आठवड्यात रेघ धाडकन खाली घसरली. मी लोखंडे मॅडमकडे धावत गेले.

“असं का झालं? मी काय केलं?”

“कारण मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दिसलं तरी सांगता येत नाही. दुसऱ्या माणसांच्या खासगी नोंदी असतात त्यात. तुम्हीच आठवून बघा, कुणाशी बोलणं वाढलंय का?”

मी आठवून पाहिलं. बराकाशी बोलणं वाढलं होतं. नानांचा वेळ मी त्याला द्यायला लागले होते. म्हणजे ओढ तीच, नुसती जागा बदललेली. मला माझा तर्क अगदी बिनतोड वाटला. त्याच संध्याकाळी मी बराकाला सांगितलं, की आता फक्त रविवारी बोलू आणि थोडंच बोलू.

“तुला मी हवा आहे म्हणून तू माझ्याशी बोलणार नाहीस?” त्यानं विचारलं.

“हो.”

“बरं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “शर्वरी, नानांचा आवाज बारीक झालाय.”

ठरलेलं मोडून मी परागला फोन लावला. “नाना कसे आहेत?”

“ठणठणीत! जरा सर्दी आहे. गोठ्यात आहेत, बोलावू का?”

मागून गाय हंबरली. ती ऐकून माझा जीव भांड्यात पडला. बोलावलं तर वजन वाढेल, असंही मनात आलं. “राहू दे,” मी म्हणाले.

रेघ पुढे कितीतरी दिवस खालीच राहिली. मी आणखी काम घेतलं, बराकाशी रविवारचं बोलणंही कमी केलं. तरी ती हलेना. आणि उन्हाळा लागता लागता, एका सकाळी, मी लॅबमध्ये पोचते न पोचते तोच फोनवर हिरवी खूण उमटली. अभिनंदन. माझी रेघ मिळकतरेषेच्या वर गेली होती. हळूहळू नव्हे, रात्रीतून उडी मारून, आणि थोडीथोडकी नव्हे, चांगली हातभर.

का गेली, असं मी विचारलं नाही. दुःखाचं कारण माणूस विचारतो, सुखाचं कोण विचारतं? मी बराकाला फोन केला. तो वर्गात शिकवत होता, तिथूनच ओरडला. मग घरी पळत जाऊन त्यानं फोन आईच्या हातात दिला आणि त्या माउलीनं जीभ फिरवून असा लांबलचक आनंदाचा हेल काढला की लॅबमधले सगळे माझ्याभोवती जमले. मालकांनी पेढे मागवले. “आता दाताचा रंग जुळवायला घरीच बसव त्याला,” माझ्याकडून ती गोष्ट ऐकलेलं कुणीतरी म्हणालं. मी सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवत होते, एक माझ्या तोंडात होता, आणि परागचा फोन आला.

“शर्वरी, तू निघून ये.”

“पराग! अरे, आधी ऐक तर. रेघ वर गेली! पेढे वाटतेय मी. नानांना दे फोन.”

पलीकडे बऱ्याच माणसांचे आवाज येत होते.

“पराग?”

“नानांना जरा बरं नाही. तू ये.”

“फार बरं नाही का? अरे, आज-उद्या इथं सह्या व्हायच्यात. आत्ता रजा टाकली की रेघ परत खाली येईल. परवा निघाले तर चालेल का?”

“आता नाही यायची खाली,” पराग म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला.

आपल्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. तब्येत जास्त आहे, निघून ये, एवढंच सांगतात, म्हणजे माणूस धडपणे घरापर्यंत पोचतो. परागनं रीत पाळली होती. पण डॉक्टरांचा दाखला पहाटेच नगरपालिकेत नोंदवला गेला होता, आणि यंत्राला आपली रीत कुठून ठाऊक असणार? एक ओढ कमी झाली, त्यानं रेघ नव्यानं आखली. वडील गेल्याची खबर मला नवऱ्याच्या परवान्यानं दिली होती आणि मी त्यावर पेढे वाटले होते. तोंडातला पेढा मला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

सटाण्याला पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते. नाना इतके लहान झाले होते की मी क्षणभर ओळखलं नाही. गाल बसले होते, आणि मी बनवलेला ब्रिज त्यांच्या तोंडात नव्हता, काढून ठेवलेला होता. मी काय काय बोलले ते आठवत नाही. बायकांनी मला धरून ठेवलं होतं.

सगळं आटोपल्यावर मी परागला गोठ्यामागं गाठलं.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“थंडीत पोटात गाठ निघाली.”

थंडीत. ज्या आठवड्यात रेघ घसरली तो आठवडा. यंत्रानं मला सांगितलं होतं. माझ्या वडलांना काय झालंय ते त्याला माझ्याआधी कळलं होतं, आणि मी मात्र नवऱ्याशी बोलणं कमी करत बसले होते.

“तू मला शब्द दिला होतास.”

“नानांनी शपथ घातली. तिच्या संसाराचं चाललंय, मधे पडू नको म्हणाले. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा आत झोपूनच होते. रोज विचारायचे, रेघ कुठवर आली? मी म्हणायचो, येऊ राहिली वर.” परागनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. “शेवटी शेवटी म्हणाले, माझ्यापायी अडली असंल रे ती.”

मी परागला नाही नाही ते बोलले. दगड म्हणाले, वैरी म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“कळवलं असतं तर तू आली असतीस,” तो मग म्हणाला. “नोकरी सोडून आली असतीस. मग बराका आला नसता. मी तरी कुणाला रडवायचं होतं, सांग ना.”

आत इरावती रडायला लागली म्हणून तो गेला.

तेराव्यानंतर मी नाशिकला सह्या करायला गेले. मनात होतं, कागद फाडून लोखंडे मॅडमच्या टेबलावर टाकावेत. नाही टाकले. त्या स्वतः उठून पाणी घेऊन आल्या. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

पडद्यावर माझी नवी रेघ होती. लाल रेषेच्या वरून ऐटीत चाललेली. फक्त सुरुवातीला तिच्यात एक छोटीशी खाच होती.

“हे काय?” मी विचारलं.

“ते… दुःखाचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “आईवडील गेल्यावर माणसाची झोप किती बिघडते, किती खाडे होतात, ते यंत्र धरून चालतं. महिना-दीड महिन्यात भरून येते बघा रेघ. त्याची काळजी नको.” त्यांनी आवाज खाली घेतला. “फक्त फार लांबू देऊ नका, ताई. दर वर्षी फेरतपासणी असते. खाच मोठी झाली तर तुमच्या साहेबांचा परवाना अडकतो.”

मी त्या खाचेकडे बघत राहिले. करंगळीच्या नखात मावली असती. बोटाला धरून गुरांच्या दवाखान्यात नेणारा बाप, आईच्या आजारपणात माझ्यासाठी भाकरी करून ठेवणारा बाप, त्याच्यासाठी मी किती रडणार हे तिथं आधीच आखून ठेवलं होतं. मला भयंकर संताप आला. मला त्या खाचेत मावायचं नव्हतं. मला नोकरी सोडून सटाण्याच्या ओट्यावर वर्षभर नुसतं बसून राहायचं होतं. मी सही केली.

आणि मी मावले. वेळेवर झोपायला शिकले, झोप येत नसेल तर गोळी घेऊन. लॅबमध्ये एकही खाडा केला नाही. नानांचा विचार आला की मी दातांच्या रंगांचे क्रमांक मनात म्हणायची, की नाडी जागेवर यायची. यंत्रानं सांगितलं होतं तशी रेघ भरून आली.

बराका आला. विमानतळावर त्यानं मला उचललं आणि खाली ठेवलंच नाही, लोक बघायला लागले. नाना गेल्याचं मी त्याला फोनवर सांगितलं होतं, बाकी काही सांगितलं नव्हतं. त्याला आधी सटाण्याला जायचं होतं. दुपारी आम्ही पोचलो. त्यानं अंगणात बूट काढले, परागला मिठी मारली, इरावतीला घेतलं, आणि मग इकडेतिकडे पाहात विचारलं, “नाना कुठे आहेत?”

पराग माझ्याकडे बघायला लागला. मला कळलं. त्याच्या गावी घरातलं माणूस गेलं की घरामागच्या केळीच्या बागेतच पुरतात. मग केव्हाही जाऊन शेजारी बसता येतं.

“आम्ही नदीत सोडलं त्यांना,” मी म्हणाले. “बसायला जागा नाही रे.”

तो गोठ्याकडे गेला आणि गाईशी काहीतरी बोलून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी त्याच्या मागं गेले. तिथं मी त्याला सगळं सांगितलं. गाठ, थंडी, घसरलेली रेघ, वर गेलेली रेघ, पेढे. त्याच्या आईचा तो आनंदाचा हेलही नेमका कोणत्या सकाळचा, तेही सांगितलं. लपवण्यात आमच्या घराचं पुरेसं नुकसान झालं होतं.

बराकाचा चेहरा राखेसारखा झाला. “मग मी परत जातो,” तो म्हणाला. “अशा परवान्यावर मी इथं राहणार नाही.”

“परत गेलास तर नाना फुकट गेले,” मी म्हणाले.

तो खाली शेणामातीत बसला आणि रडायला लागला. त्यांच्याकडे पुरुष रडताना आवाज दाबत नाहीत. भिंतीपलीकडची शेजारीण डोकावून गेली, आत वैष्णवीनं पाळणा हलवायचा थांबवला. मनगटावरची पट्टी गरम लागत होती. मी दातांच्या रंगांचे क्रमांक म्हणायला लागले. पराग त्याला उठवायला पुढे झाला, तेव्हा मी परागचा हात धरला.

“रडू दे त्याला,” मी म्हणाले. “त्याचं कुणी मोजत नाही.”